मदत हवी आहे: टेनिस क्लबचं स्थापना वर्ष कसं काढायचं? (तातडीचं)

बेसलाइन: आमच्या क्लबची स्मरणिका शनिवारी छापायला जायची आहे आणि 'स्थापना'पुढची जागा कोरी आहे. कमिटीतले एक काका १८९५ म्हणतात, दुसरे स्वातंत्र्यानंतरचं. जुन्या वह्या पुराच्या पाण्यात गेल्या. हाताशी एक चषक आहे, त्यावर 'ईस्ट खान्देश' कोरलंय, साल नाही. कुठे मिळेल? लवकर सांगा.

सातपुडा: गाव तरी लिहा की!

गिरणाकाठ: 'ईस्ट' म्हटलं की १८९५ बाद. खान्देशाचे पूर्व-पश्चिम दोन जिल्हे १९०६ ला झाले, १९६० ला पूर्वेचं नाव जळगाव पडलं. त्या मधलाच.

सातपुडा: चषक मधला. क्लब आधीचा असू शकतो. पण जळगावचा असेल तर शंकाच, कारण टेनिस साहेबांचं, आणि १९०६ आधी कलेक्टर धुळ्याला बसायचा.

वकीलभाऊ: धर्मादाय कार्यालयात ट्रस्टची नक्कल मागा. कायदा १९५० चा, त्यामुळे नोंदणी नंतरचीच निघेल, पण अर्जाला जुनी घटना जोडलेली असते कधीकधी.

गिरणाकाठ: शनिवारच्या आत?

दोन मुलांचा बाबा: कोर्ट मातीचं की सिमेंटचं? सिमेंटवर पोरं खेळवू नका, गुडघे जातात.

सातपुडा: आपल्याकडे मे महिन्यात मातीला रोज पाणी कोण घालणार भो?

दोन मुलांचा बाबा: पूर्वी घालायचेच ना. मार्कर असायचे.

बेसलाइन: माझे आजोबाच मार्कर होते. पहाटे पाणी, मग रोलर, मग ७८ फुटांच्या रेघा चुन्याने. आजी सांगायची, कोर्ट आखलं त्याच वर्षी ते कामाला लागले. स्मरणिकेत सगळ्या अध्यक्षांचे फोटो आहेत, आजोबांचं नाव कुठेच नाही. साल पक्कं झालं तर पहिल्या पानावर घेऊ, असं कमिटी म्हणते. म्हणून घाई आहे. क्लब चाळीसगावचा.

जुना भुसावळकर: चाळीसगाव हे आधी सांगायचं ना! जंक्शनचं गाव. कोर्टाला कंपाउंड कशाचं आहे?

बेसलाइन: रुळांचे तुकडे उभे पुरलेत, मधून तारा. त्याचा काय संबंध?

जुना भुसावळकर: रंग खरवडून बघा. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव आणि साल उठवलेलं असतं.

गिरणाकाठ: ते रूळ बनल्याचं साल. गाडीखाली वापरून भंगारात निघाल्यावरच खांब झाला असणार.

जुना भुसावळकर: मान्य. पण कंपाउंड त्याआधीचं नाही, एवढं तरी पक्कं होईल. कोर्टही त्याच वेळचं का, ते कमिटीतल्या म्हाताऱ्यांना विचारा.

बेसलाइन: तारेचा ब्रश घेऊन आलोय. तीन खांबांवर नुसता रंग. चौथ्यावर इंग्रजीत जी.आय.पी. दिसतंय, पुढचे आकडे जमिनीखाली आहेत.

जुना भुसावळकर: जी.आय.पी. म्हणजे जुनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. म्हणजे रूळ १९५१ च्या आधीचा, त्या वर्षी तिची मध्य रेल्वे झाली. खणा.

बेसलाइन: कुदळ आणायला पाठवलंय.