जर्मन मुलं इंग्रजीतच रमलेली दिसतात, मग तिथं जर्मन काय उरलंय?

सिडकोचा_मेकॅनिकल
नमस्कार मंडळी. जर्मनच्या बी२ पातळीच्या परीक्षेची तयारी करतोय, पुढच्या वर्षी मास्टर्ससाठी जर्मनीला जायचा विचार आहे. बोलायचा सराव म्हणून ब्राउनश्वाइगच्या एका मुलाशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारतो. तो माझ्याकडून हिंदी शिकतो, मी त्याच्याकडून जर्मन. मुलगा चांगला आहे, पण त्याची गाणी इंग्रजी, मालिका अमेरिकन, यूट्यूबवर ज्यांना ऐकतो तेही सगळे इंग्रजी बोलणारे. जर्मन गायक सुचव म्हटलं तर बराच वेळ विचार करत बसला.

माझे काका सातपूरला जर्मन मशिनांवर आयुष्यभर काम केलेले. ते म्हणतात, भाषेचा अभिमान शिकावा तर जर्मनांकडून. मला तसं काही दिसेना. हे कधीपासून आणि कशामुळे झालं? तिथल्या लोकांना याचं काही वाटतं का? जाणकारांनी सांगावं.

द्राक्षवाला_पिंपळगाव
माल पाठवायच्या निमित्ताने माझं तिकडच्या लोकांशी बोलणं होतं. कामाचं सगळं इंग्रजीत उरकतं, पण फोन ठेवला की ते आपसात जर्मनच बोलतात. तुझा मित्र वीस-बावीसचा असेल. या वयाची आपली पोरं काय ऐकतात तेही बघ.

गंगापूररोडची_जर्मन_ताई
हा प्रश्न माझ्या क्लासमध्येही येतो, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात १९४५ पासून धर. हॉलीवूड त्याआधीही तिथं पोचलं होतं, पण युद्ध हरल्यावर चित्रच पालटलं. साधं वर्तमानपत्र काढायचं तरी जिंकलेल्या सैन्याचा परवाना लागायचा. हॅम्बुर्गची नभोवाणी ब्रिटिशांनी बीबीसीच्या धर्तीवर नव्याने उभी केली. ते काम ज्यांनी केलं ते ह्यू ग्रीन पुढे बीबीसीचे महासंचालक झाले. 'डेर श्पीगल' हे बातम्यांचं साप्ताहिक १९४७ मध्ये निघालं, तेही ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सुरू करून दिलेल्या साप्ताहिकातूनच. दक्षिणेकडे अमेरिकन सैनिकांसाठी एएफएन रेडिओ होता. होता सैनिकांसाठी, पण त्यावरचं जॅझ आणि रॉक अँड रोल ऐकायला आजूबाजूची जर्मन पोरं रेडिओला चिकटलेली असत. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याने रेडिओचं काय करून ठेवलं होतं ते आठवलं, की सरकारच्या मुठीत नसलेला रेडिओ बाहेरून आला याचं मला वाईट वाटत नाही. त्या देशाचं त्यात भलंच झालं.

पण खरी गोष्ट डबिंगची आहे. परदेशी चित्रपट आणि मालिका तिथं सर्रास जर्मन आवाजात दाखवतात, आणि ते काम फार मन लावून करतात. एका हॉलीवूड नटाला शक्यतो एकच आवाज, वर्षानुवर्षं. रॉबर्ट डी नीरो बोलतो तो क्रिस्टियान ब्रुकनर यांच्या आवाजात. श्वार्झनेगर ऑस्ट्रियाचा, जर्मन त्याची मातृभाषा, तरी जर्मन प्रेक्षकाच्या कानात बसलाय तो थोमास डानेबर्ग यांचा आवाज. आणि स्टॅलोनलाही कित्येक चित्रपटांत आवाज याच डानेबर्ग यांचा!

या डबिंगने एक वाईट कामही केलं, तेही सांगायला हवं. 'कासाब्लांका' हा अमेरिकन चित्रपट १९५२ मध्ये तिथं लागला तेव्हा त्यातले नाझी कापून टाकले होते. सुमारे २५ मिनिटं गायब. नाझींशी लढणारा नायक चक्क नॉर्वेचा शास्त्रज्ञ झाला! पूर्ण चित्रपट नव्या डबिंगसह जर्मन टीव्हीवर आला तो १९७५ मध्ये. युद्धानंतरच्या त्या वर्षांत लोकांना आरसा नको होता, आणि डबिंगने तो झाकून दिला. मला हा प्रकार आजही अस्वस्थ करतो.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. 'दी ड्राय फ्रागेत्सायशेन' म्हणजे तीन प्रश्नचिन्हं, ही मूळची अमेरिकन किशोर-रहस्यमाला. १९६४ मध्ये सुरू झाली आणि तिच्या मायदेशी कधीच बंद पडली. जर्मनीत १९७९ पासून तिची श्राव्य नाटकं निघताहेत, आणि तिन्ही पोरांचे आवाज आजही त्याच तीन कलाकारांचे आहेत. तेव्हा ते स्वतः शाळकरी वयाचे होते. जुन्या गोष्टी संपल्यावर जर्मन लेखक नव्या लिहायला लागले. गाव कॅलिफोर्नियातलं, पोरं अमेरिकन, आणि गोष्ट अस्सल जर्मन. झोपताना हीच नाटकं लावणारी मोठी माणसं तिथं कमी नाहीत. माझी एक विद्यार्थिनी सातपूरहून येताना सिटीलिंकच्या बसमध्ये हेच ऐकते, आणि तिचे उच्चार क्लासमध्ये सगळ्यांत स्वच्छ आहेत.

म्हणून माल कुठून आला यापेक्षा तो कुणाच्या तोंडून ऐकू येतो हे मी बघते. आणि तिथंच मला काळजी वाटते. तुझ्या मित्राची पिढी फोनवर मूळ इंग्रजी आवाज निवडते, यूट्यूबला तर डबिंगची वाटच बघत नाही. मधे जो जर्मन आवाज उभा असायचा, तो गळून पडतोय.

सावाना_सभासद
ताई, उत्तम लिहिलंत. थोडी भर घालतो. हा व्यवहार टीव्हीच्या कितीतरी आधीचा आहे. श्लेगल या जर्मन अनुवादकाने शेक्सपिअर जर्मनमध्ये असा आणला, की लोक त्याला आपलाच कवी मानू लागले. वायमारला शेक्सपिअर मंडळ स्थापन झालं ते १८६४ मध्ये. आपल्या नाशिकला हे कळायला अवघड नाही. तात्यासाहेब शिरवाडकरांनी मॅकबेथचा 'राजमुकुट' केला, तेव्हा तो मराठीच झाला. आणि जर्मन नाटककार ब्रेख्तचं १९२८ चं तीन पैशांचं संगीतक मुळात जॉन गे यांच्या १७२८ च्या इंग्रजी नाटकावरून घेतलेलं. पुलंनी त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला. लंडनहून बर्लिनमार्गे पुण्याला.

अंबडचा_टूलरूमवाला
ताईंनी पश्चिमेचं सांगितलं. मी काही काळ ड्रेस्डेनला कामाला होतो, म्हणून पूर्वेचं, म्हणजे जुन्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीचं सांगतो. तिथं शाळेत पहिली परकी भाषा रशियन असायची, त्यामुळे शॉपफ्लोअरवरच्या पन्नाशीपुढच्या माणसांशी माझं इंग्रजी चालायचंच नाही. माझं जर्मन सुधारलं ते त्यांच्यामुळे. सरकारचा १९५८ पासूनचा नियम होता, वाजवायच्या संगीतात साठ टक्के देशातलं नाहीतर समाजवादी देशांतलं पाहिजे. १९६५ मध्ये तिथला सर्वोच्च नेता उलब्रिश्ट याने बीटल्सच्या 'ये-ये-ये' वर भाषणात आगपाखड केली. पोरं ऐकायची थांबली नाहीत. ड्रेस्डेन तर दरीत, पश्चिमेचा टीव्ही तिथं पोचतच नव्हता. माझ्या सोबतच्या फिटरने सांगितलेलं, की मध्यम लहरींवर खरखरीतून एखादं गाणं लागलं, की घरात कुणी बोलायचं नाही. बंदी घालून काही थांबत नाही हे मी त्या माणसांकडून ऐकलंय, म्हणून सक्तीचे उपाय कुणी सुचवले की मला पटत नाही.

सिडकोचा_मेकॅनिकल
ताई, काका, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, मग आता ती काळजी खरी ठरली तर? जर्मन आवाज टिकवायला तिथं कुणी काही करतंय का? आणि जायच्या आधी मी काय ऐकू?

गंगापूररोडची_जर्मन_ताई
करतात. प्रत्येक घर सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी वर्गणी भरतं, २०२१ पासून महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरायची. त्यावर तिथं कुरकुर पुष्कळ आहे, पण त्याच पैशांवर 'टाटऑर्ट' ही पोलिसी मालिका १९७० पासून रविवारी रात्री सव्वाआठला लागते, दर वेळी वेगळ्या शहरातली, काही भागांत तिथल्या बोलीसकट. मराठीसाठी अशी वर्गणी निघाली तर मी पहिल्या दिवशी भरेन. आणि इंग्रजीचा पैसाही सगळा उलट्या दिशेने जात नाही. 'डार्क' ही मालिका २०१७ मध्ये आली ती अमेरिकन कंपनीसाठी, पण पूर्ण जर्मनमध्ये, आणि जगभर पाहिली गेली.

तू 'टाटऑर्ट' पासून सुरुवात कर. म्युनिकचा एक भाग आणि म्युन्स्टरचा एक, असे पाठोपाठ बघ, बोलण्यातला फरक लगेच कळेल. तीन प्रश्नचिन्हं झोपताना लाव. आणि मित्राला विचार, लहानपणी असल्या श्राव्य नाटकांच्या कुठल्या कॅसेट ऐकल्या. गायक सुचवायला त्याला वेळ लागला ना, याचं उत्तर तो लगेच देईल. काय म्हणाला ते इथं नक्की लिही.