सोमवार ते शुक्रवार एकच ठरलेला ड्रेस, असं कोणी करून राहिलं आहे का?

मानेवाडा_एक्सप्रेस
नमस्कार मंडळी. मी नागपुरात मानेवाड्याला राहते, ऑफिस मिहानमध्ये. सकाळी मुलाची स्कूल व्हॅन, मग दोन डबे, सासऱ्यांचा नाश्ता अन् औषधं, त्यानंतर गाडीने छत्रपती चौक आणि तिथून खापरीपर्यंत मेट्रो. यात कपाट उघडलं की पंधरा मिनिटं गेलीच समजा. कुर्ता सापडला तर त्याची लेगिंग धुवायला, लेगिंग आहे तर ओढणीचा पत्ता नाही, सगळं जमलं तर इस्त्री नाही. कपाट गच्च भरलेलं आहे बाप्पा, पण घालायला काही नाही.

मला असं काही ठरवायचं आहे की सकाळी डोकं लावावंच लागू नये. पण शाळेचा गणवेश वाटायला नको. उन्हाळ्यात बाहेर 45 डिग्री, आत एसीने हात गार पडतात, तेही पाहावं लागतं. सांगा कोणी.

मिहानवाला_भाऊ
पाच काळे टी-शर्ट, दोन जीन्स. विषय संपला. ओबामांनीपण 2012 मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं, मी फक्त राखाडी नाहीतर निळे सूट घालतो, कारण बाकीचे निर्णयच पुष्कळ असतात.

मीठ_आणि_रंग
भाऊ, ओबामांना मे महिन्यात भर दुपारी व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर थांबावं लागत नव्हतं. काळा टी-शर्ट घालून तू थांबून पाहा एकदा.

ताई, मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि बऱ्याच वर्षांपासून हेच करून राहिली आहे, म्हणून जरा लांबण लावते. सगळ्या जणी आधी कुर्ते ठरवतात, तिथेच गाडी अडते. तू आधी खालचं ठरव. घोट्यापर्यंतच्या सरळ कॉटन पॅन्ट, दोनच रंगांत, काळ्या आणि ऑफव्हाइट. लेगिंग उन्हाळ्यात चिकटते, पलाझो पावसात चिखल गोळा करतो. मग कुर्ता घेताना एकच कायदा: दोन्ही पॅन्टवर चालला तर घ्यायचा, नाहीतर कितीही आवडो, दुकानातच राहू द्यायचा. ओढणी बाद. सनकोट अन् स्कार्फ आपल्या डिक्कीत असतोच, त्यावर आणखी ओढणी काहून?

तुझा जो कुर्ता सगळ्यात नीट बसतो तो टेलरला नेऊन दे, सगळे याच मापाने शिवा म्हण. बाही कोपरापर्यंत, बाजूचे कट मोठे (गाडीवर बसता आलं पाहिजे), आणि खिसा. खिशावरून माघार घेऊ नको. टेलर म्हणेल, मॅडम, शेप बिघडते. बिघडू दे. मोबाइल अन् मेट्रोचं कार्ड कुठे ठेवणार मग?

44 इंच पन्ह्याचं कापड अडीच मीटर पुरतं. गांधीबागेच्या कापड बाजारातून आणलं की लगेच शिवायला टाकू नको, रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, मगच दे. विणताना आणि रंगवताना कॉटन ताणलेलं असतं, पाणी लागलं की ते आपल्या मूळ लांबीवर येतं. हे शिवल्यावर झालं तर कुर्ता काखेत धरतो.

रंगाचं म्हणशील तर फिकट राखाडी आणि आकाशी प्लेन टाळ, घामाचे डाग त्यावर सगळ्यात जास्त दिसतात. पांढरा, गडद निळा, नाहीतर बारीक छापा. आणि दुकानदार म्हणेल, मिठाच्या पाण्यात बुडवा, रंग पक्का होतो. कपडा रंगवण्याच्या हौदात मिठाचा उपयोग असतो, तिथे ते रंगाला धाग्याकडे ढकलतं. एकदा रंगवून झालेल्या कापडाला घरच्या बादलीतलं मूठभर मीठ काही करत नाही. पहिले दोन-तीन वेळा वेगळं धुवायचं, बस.

एसीसाठी एक काळं श्रग ऑफिसच्या खुर्चीवरच टांगून ठेव. घरी आणलंस की दुसऱ्या दिवशी विसरलंस.

काळा_कोट
आमचं वकिलांचं तर नियमानेच ठरलेलं आहे. पांढरं, काळं आणि गळ्याला बँड. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळ्या कोटाची सक्ती नसते, पण हायकोर्टात उभं राहायचं तर एप्रिल असो की काही, कोट पाहिजेच. सोय मोठी आहे, सकाळी झोपेतच तयार होता येतं. पण मावसभावाचं लग्न निघालं तेव्हा कपाटात नुसते पांढरे शर्ट निघाले. ताई, दोन-चार चांगले कपडे वेगळे राहू द्या.

मानेवाडा_एक्सप्रेस
मीठताई, टेलरचं वाचून हसू आवरेना, माझा टेलर शब्दशः हेच म्हणतो! दोन शंका आहेत. रोज तीच पॅन्ट पाहून ऑफिसात कोणी बोललं तर? आणि जुलैत हे वाळवायचं कसं? फ्लॅटला बाल्कनी एकच, तीही कुंड्यांनी भरलेली.

मीठ_आणि_रंग
बोललं तर "हो, तीच आहे" म्हणायचं. आमच्या स्टाफरूममध्ये एकीने विचारलं होतं, तेही कापड कुठून आणलं म्हणून. काळ्या तीन शिवून घे, कालची कोणती हे तुलाही ओळखू येणार नाही.

पावसाळ्यापुरता शुद्ध कॉटनचा हट्ट सोड. कॉटन-पॉलिस्टर मिक्स पाणी कमी धरतं, पंख्याखाली रात्रीतून वाळतं. रेयॉन मात्र नको. ते पाणी पितं, ओलं असताना कमजोर होतं आणि पिळलं की आकार जातो.

आणि हो, पॅन्टसाठी पॉपलीन दाखवतील. कुर्त्याला ते ठीक आहे, पण ऑफव्हाइट पॅन्टला पातळ पडतं. दुकानाच्या दारात उजेडाला ये, कापडाखाली हात घालून पाहा. बोटं दिसली तर म्हण, भाऊ, याहून जाड काढा.