लेकरू कॅमेऱ्यात गेलं तेव्हा...

२०२३ ला आपल्या बीड जिल्ह्यातल्या साईराज केंद्रेची ‘आमच्या पप्पांनी गणपती आणला’वाली रील गाजली, मग तो ‘अप्पी आमची कलेक्टर’ मालिकेत दिसला. तेव्हापासून आमच्या गल्लीत दर दुसऱ्या लेकराच्या तोंडापुढं मोबाईल. तुमच्या घरचं, शाळेतलं, शेजारचं लेकरू कधी असं पडद्यावर गेलंय का? कौतुक तर लिहाच, पण मागं काय झालं तेही लिहा. सुरुवात मीच करते.

मी, अंबाजोगाई
गावात एका लघुपटाचं शूटिंग होतं, बारशाचा सीन. माझी चार महिन्यांची भाची मागितली, पण पाहिजे होता मुलगा. टोपडं घातलं, तीट लावली, झाला मुलगा! फाळक्यांनी १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आपल्याच मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं होतं, तिथं आमची छकुली कुठली मागं. आठला बोलावलं, लाईट लावता लावता अकरा वाजले. तोवर बाई दूध पिऊन गाढ झोपलेली, आणि सीनमध्ये तर बाळ रडायला पाहिजे. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “जरा चिमटा घ्या की.” माझी आई पदर खोचून उठली. “तुमच्या लेकराला घ्या मंग!” शेवटी झोपलेलीच घेतली आणि रडण्याचा आवाज नंतर घातला. कुणाच्या लेकराचा होता देव जाणे. आई अजून सगळ्यांना सांगते, “ते आमचीच रडायलीय.”

लातूरकर
२००८-०९. ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये आपला रोहित राऊत! घरात मोबाईल एकच, अण्णांचा. भारनियमन सुरू झालं की इन्व्हर्टरवाल्या काकांकडं पळायचं, तिथं दारापर्यंत माणसं. मी एसएमएस करून करून अण्णांचा सगळा बॅलन्स उडवला. दुसऱ्या दिवशी त्यांना साधा मिस कॉल देता येईना, आडतीवर खोळंबा झाला, आणि मला जे पडले ते वेगळे. जिंकली कार्तिकी गायकवाड. आमच्या आत्यानं तिला मतं दिली होती, तर दिवाळीपर्यंत मी आत्याशी धड बोललो नाही. आता हसू येतं.

उदगीरहून एक बाबा
आमच्या पोराचं चॅनल आहे. बघणारे अकरा, त्यातले चार आम्हीच. सुखी आहोत.

संभाजीनगर
मुलीला मालिकेत छोटं काम मिळत होतं. मी बँकेतला माणूस, कागद वाचल्याशिवाय सही होत नाही. बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम काढले: दिवसात पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या आत विश्रांती, सलग २७ दिवसांच्या वर नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्याच नावावर मुदत ठेवीत. एवढंच विचारलं. समोरचा म्हणाला, “साहेब, एवढं कुणी विचारत नसतं.” काम दुसऱ्या मुलीला गेलं. आमची दोन महिने माझ्याशी फुगून होती, आणि बायको तिच्या बाजूनं.

जिल्हा परिषद शिक्षक, वसमतकडचा
लिहू का नको, असं चाललं होतं. तिसरीतला एक पोरगा एकोणतीसचा पाढा म्हणता म्हणता अडकला आणि म्हणाला, “सर, भूक लागली.” इतकं गोड म्हणाला की मी शूट केलेलं शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं. आठवड्यात ते बाजारात पोचलं, कुणीतरी त्याला गाणंही जोडलं. पोराचं नावच ‘भूक लागली’ पडलं. किराणा आणायला गेला तरी लोक म्हणायचे, “काय रे, जेवलास का?” त्यानं दुकानात जाणं सोडलं. मी माझ्या फोनमधून काढून टाकलं, तर ते दुसऱ्या ग्रुपवरून परत मलाच आलं. माफी मागायला घरी गेलो. वडील म्हणाले, “सर, बसा, चहा घ्या. पण त्याच्यापुढं तो विषय नका काढू.”

मी, अंबाजोगाई
सर, आता कितवीत आहे तो?

शिक्षक, वसमतकडचा
सातवीत. तिसापर्यंत पाढे तोंडपाठ आहेत, त्याच्या बाई सांगतात. माझ्यापुढं म्हणत नाही.