शब्दचर्चा: इन्फ्लमेटरी सायटोकाइन, दाह की सूज?

चाफेकळी: भाचीच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शन आहे, पोस्टरचं मराठी माझ्या गळ्यात. विषय रिकॉम्बिनंट टीएनएफ अल्फा, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला जी सायटोकाइन नावाची प्रोटीनं सोडतात त्यातलं एक, लॅबसाठी बनवून घेतलेलं. मी लिहिलं 'पुनर्संयोजित दाहकारक सायटोकाइन', तर तिच्या मॅडम म्हणतात दाह म्हणजे जळजळ, अॅसिडिटीची असते ती, इथे सूज लिहा. काय करू?

परळकर: नुसती सूज कशी चालेल, इन्फ्लमेशनमध्ये लाली, सूज, आग, ठणका सगळंच येतं. आयुर्वेदातला शोथ घ्या.

लॅबकोट: शोथ म्हणजे तरी काय हो काका, सूजच! आमच्या लॅबमध्ये मराठी पोरंसुद्धा 'टीएनएफ टाकलंस का' एवढंच विचारतात. पावडर इतकी चिमूटभर की व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, दिसतच नाही, झाकणाला चिकटलेली असली तर वाया जाते म्हणून उघडायच्या आधी स्पिन करायची, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून तळाला आणायची, मग विरघळवून छोटे छोटे वाटे म्हणजे अॅलिकॉट करून उणे ८० अंशांना, सारखं गोठवलं वितळवलं की गेलं कामातून. माझा आक्षेप 'पुनर्संयोजित'वर आहे. जोडाजोड होते डीएनएची, माणसाचं जनुक ई. कोलाय नावाच्या जंतूमध्ये घालतात आणि तो प्रोटीन बनवतो, प्रोटीन बिचारं कोणी कापत जोडत नाही.

गिरगावकर: मुळात तो शब्दच अशुद्ध. पुढे स आला की विसर्गच राहतो. पुनःसंयोजित.

लॅबकोट: पेपरात रोज 'पुनर्स्थापना' छापतात की.

गिरगावकर: पेपरात छापलं म्हणजे शुद्ध झालं होय!

तिखटमीठ: ह्याच प्रोटीनला कॅकेक्टिन पण म्हणायचे, आजारी जनावर त्याच्यामुळे वाळत जातं असं दिसलं म्हणून. १९८५ मध्ये कळलं की दोन्ही एकच. आमची आजी म्हणायची 'पोर खंगलं'. तेव्हा माझं मत 'खंगवणी'ला.

परळकर: खंगवणी काय, पाणवणी काय! १९७५ ला टीएनएफ, म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, हे नाव पडलं ते उंदरांच्या गाठी कुजवतं म्हणून, आणि लॅटिनमध्ये ट्यूमर म्हणजे मुळात सूजच. आपल्याकडे १८९६ च्या प्लेगला लोक गाठीचा तापच म्हणायचे, म्हणजे गाठ, सूज, ताप सगळं आलं एका दमात.

चाफेकळी: अहो, पोस्टर उद्या छापायला जातंय. दाह की सूज?

तिखटमीठ: दाह. घशाचा दाह, सांध्यांचा दाह कोणालाही कळतं, मॅडमना कळत नसेल तर त्यांचा प्रश्न.

लॅबकोट: पण मूळ शब्द प्रो-इन्फ्लमेटरी आहे ना? मग 'प्रो'चं काय केलंत?

गिरगावकर: दाहपोषक. आणि आधी तो रफार काढा.