मदत हवी आहे: नॅनोकणांवरील लेपाचा परिणाम इतर कारणांपासून वेगळा कसा काढावा?

नमस्कार. चांदीच्या नॅनोकणांचा गाभा तोच, म्हणजे २० नॅनोमीटर व्यासाचा ठेवून केवळ वरचा लेप बदलला, तर मानवी मास्ट पेशींचा (ॲलर्जीत हिस्टामीनसारखी रसायने बाहेर सोडणाऱ्या पेशींचा) ॲलर्जीचा प्रतिसाद बदलतो का, हे मी तपासत आहे. एका नमुन्यावर सायट्रेटचा लेप आहे, दुसऱ्यावर पीव्हीपी या बहुवारिकाचा. एलएडी२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मास्ट पेशींना आयजीई हे ॲलर्जीचे प्रतिपिंड देऊन आणि न देता, अशा दोन्ही स्थितींत अर्धा तास कण दिले आणि प्रतिसादाची खूण म्हणून बाहेर पडलेले बीटा-हेक्सोसअमिनिडेझ हे विकर मोजले. सायट्रेटच्या कणांनी ते दोन्ही वेळा बरेच बाहेर पडले, पीव्हीपीच्या कणांनी जेमतेम. निष्कर्ष सरळ दिसतो, पण तो लिहायला हात धजावत नाही.

त्याचे कारण परीक्षानळीतच दिसते. सायट्रेटचे स्वच्छ पिवळे द्रावण टायरोड बफरमध्ये (पेशी ठेवण्याच्या क्षारयुक्त द्रावणात) मिसळल्यावर दहा-पंधरा मिनिटांत राखाडी पडते, कारण क्षारांमुळे कणांच्या ऋण प्रभाराचे प्रतिकर्षण दुबळे होते आणि कण एकमेकांना चिकटतात. पीव्हीपीच्या लांब साखळ्या मात्र कणांना दूर ठेवतात, म्हणून तो नमुना पिवळाच राहतो. म्हणजे एका थाळीतील पेशींवर गुठळ्या बसल्या आणि दुसरीत सुटे कण तरंगले. हा फरक लेपाचा म्हणावा की गुठळ्यांचा? अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन घातले की गुठळ्या कमी होतात, पण मग प्रथिनांचा थर लेपालाच झाकून टाकतो आणि मूळ प्रश्न हातातून निसटतो.

दुसरी अडचण मापनाची आहे. विकराच्या चाचणीत तयार होणारा पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरला वाचला जातो आणि चांदीचे एवढे लहान कणही ४०० च्या आसपासच प्रकाश शोषतात. पेशींविना ठेवलेल्या कणांचे वाचन मी वजा करते, परंतु गुठळ्या होताना शोषणच सरकत असल्याने ती वजाबाकी कितपत खरी, याची शंका आहे. सेंट्रिफ्यूजने कण खाली बसवले, तर त्यांना चिकटलेले विकरही त्यांच्याबरोबर जाण्याची भीती वाटते.

विरघळलेल्या चांदीच्या आयनांसाठी सिल्व्हर नायट्रेटचे नियंत्रण ठेवले आहे, मात्र बफरमधील क्लोराइडमुळे त्याचाही साका बसतो.

ज्यांनी असे काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: गुठळ्यांचा परिणाम वेगळा काढण्यासाठी कमी क्षारांच्या, पण परासरण दाब साखरेने सांभाळलेल्या बफरमध्ये या पेशी अर्धा तास विश्वासार्ह प्रतिसाद देतात का? आणि विकराऐवजी पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी६३ (पेशीने आतली रसायने बाहेर सोडली की पृष्ठभागावर येणारे प्रथिन) फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेका पेशीवर प्रकाश टाकून, मोजल्यास पेशींना चिकटलेली चांदी तिथेही प्रकाशाच्या विकिरणात अडथळा आणते का?