ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला अधूनमधून बसणारा हिसका: गिअरबॉक्स उघडण्याआधी काय तपासावे?

निळी_सेदान (नाशिक)
नमस्कार. माझ्याकडे नऊ वर्षे जुनी पेट्रोल सेदान आहे. तिचा गिअरबॉक्स सहा गिअरांचा, टॉर्क कन्व्हर्टर असलेला ऑटोमॅटिक आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना मधूनच जोराचा हिसका बसतो आणि सिग्नलला थांबताना खालच्या गिअरमध्ये उतरतानाही मागून कोणी ढकलल्यासारखे वाटते. नंतर गाडी पुन्हा सुरळीत चालू लागते आणि गॅरेजमध्ये नेली तर तक्रार दिसतच नाही. डॅशबोर्डवर दिवाही लागलेला नाही. एका गॅरेजने व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब योग्य क्लचकडे वळवणारा भाग) बदलायला सांगितली, दुसऱ्याने थेट ओव्हरहॉलचे, म्हणजे गिअरबॉक्स पूर्ण उघडून दुरुस्त करण्याचे, एस्टिमेट हातात दिले. स्कॅनर मात्र दोघांनीही लावला नाही. एवढा खर्च करण्याआधी कोणत्या क्रमाने तपासणी करून घ्यावी?

घाटवाट
स्कॅनर न लावता दिलेल्या एस्टिमेटवर कृपया सही करू नका. गिअरबॉक्सच्या आतला क्लच झिजला असेल, तर तो सहसा आठवडाभर बरा राहून पुन्हा बिघडत नाही. येणारी-जाणारी तक्रार बहुधा ऑइलचा दाब, तापमान किंवा वायरिंगकडे बोट दाखवते. हिसका बसतो त्या क्षणी आरपीएमच्या काट्याकडे लक्ष द्या. गिअर बदलताना काटा आधी वर उसळून मग हिसका बसत असेल, तर क्लच पकडण्यापूर्वी घसरतो आहे, म्हणजे ऑइल कमी आहे किंवा दाब अपुरा आहे. काटा न उसळता थेट आदळल्यासारखा गिअर पडत असेल, तर दाब गरजेपेक्षा जास्त मिळतो आहे. दुसरे असे, की फक्त दोन-तीनचाच बदल बिघडतो की त्या काळात सगळेच गिअर कडक पडतात? एकच बदल बिघडत असेल तर त्या क्लचचा सोलेनॉइड (ऑइलचा दाब नियंत्रित करणारा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) संशयित ठरतो; सगळेच बिघडत असतील तर कारण सर्वांना सामाईक असते. शिवाय इंजिनचे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) आणि फाटलेले इंजिन माउंटिंगही गिअरबॉक्सच्या नावावर खपतात, म्हणून ते आधी पाहून घ्या.

तेल_आणि_ताप
ऑइलची पातळी योग्य रीतीने तपासली आहे का, हेही विचारा. आजकालच्या बहुतेक गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. गाडी समतल लिफ्टवर घेऊन, इंजिन चालू ठेवून, ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला आल्यावर चेंबरचा (गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या तबकाचा) लेव्हल प्लग काढायचा आणि ऑइल बारीक धारेने किंवा थेंबाथेंबाने ओघळते आहे का, ते पाहायचे असते. ऑइल तापले की फुगते, त्यामुळे खूप गरम गाडीवर तपासले तर कमी असलेली पातळीही बरोबर वाटते. काळपट रंग आणि जळका वास ही वाईट लक्षणे आहेत. चेंबर उघडलाच तर मॅग्नेटवर राखेसारखा बारीक थर असणे स्वाभाविक आहे, धातूचे कण नाहीत. ऑइल मात्र मॅन्युअलमधल्या स्पेसिफिकेशनचेच भरावे. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ अशा डब्याच्या भरवशावर राहू नये.

निळी_सेदान (नाशिक)
आपल्या दोघांचे आभार. काटा उसळत नाही, आणि तक्रार सुरू असते तेव्हा सगळेच गिअर कडक पडतात. ऑइलची पातळी वर सांगितलेल्या पद्धतीने तपासून घेतली, ती बरोबर आहे आणि रंगही तांबूस आहे. ओळखीच्या एका मेकॅनिकने स्कॅनर लावून गाडी फिरवली. साठवलेला कोड (गाडीने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) नव्हता. पण लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे गाडी चालू असताना दिसणाऱ्या सेन्सरच्या आकड्यांमध्ये, गिअर ऑइलचे तापमान ७८ अंशांवरून क्षणभर उणे ४० दाखवून पुन्हा ७८ वर आले, आणि त्याच वेळी हिसका बसला. हा स्कॅनरचा दोष असू शकतो का?

घाटवाट
नाशिकमध्ये उणे ४० अंश शक्य नाही, आणि हाच आकडा महत्त्वाचा आहे. तापमानाच्या सेन्सरचे सर्किट तुटले, की बऱ्याच गाड्यांचे कंट्रोल युनिट हाच आकडा दाखवते. ऑइल गोठलेले आहे असे समजून ते दाब आणि गिअर बदलण्याची वेळ त्यानुसार ठरवते, म्हणून सगळेच गिअर कडक पडतात. खंड फारच थोडा वेळ टिकला, तर कोड नोंदवला जाण्याची अटही पूर्ण होत नाही. दिवा का लागत नाही, त्याचे कारण हेच असावे.

आता गिअरबॉक्सवरचा मोठा कपलर (वायरिंग जोडणारा प्लग) तपासा. बॅटरीची नकारात्मक तार काढून कपलर उघडा आणि पिनांवर हिरवट गंज, पाण्याचा अंश किंवा आतून झिरपलेले ऑइल आहे का, ते टॉर्चने पाहा. तक्रार पावसाळ्यात सुरू झाली असल्याने मला प्रथम पाण्याचा संशय येतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पूर्ण वाळू द्या आणि रबरी सील तपासा. मग बॅटरी जोडून, इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून, एकाने वायरिंग हळूहळू हलवावे व दुसऱ्याने लाइव्ह डेटामधला तापमानाचा आकडा पाहावा. वायर हलवताच आकडा उडाला, तर दोष बाहेरच सापडला. हलवूनही तो स्थिर राहिला, तर चेंबरच्या आतील वायरिंग किंवा खुद्द सेन्सर उरतो; बऱ्याच गिअरबॉक्समध्ये तो चेंबर काढून बदलता येतो, गिअरबॉक्स खाली उतरवावा लागत नाही.

तेल_आणि_ताप
यात एक साधी तपासणी जोडतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करण्याआधी स्कॅनरवर गिअर ऑइल आणि कूलंटचे तापमान पाहा; दोन्ही जवळपास सारखे असले पाहिजे. आणि दोष मिळेपर्यंत कोणालाही गिअरबॉक्सचे, म्हणजे कंट्रोल युनिटने शिकून साठवलेल्या गिअर बदलण्याच्या सेटिंगचे, ‘अ‍ॅडॅप्टेशन’ रीसेट करू देऊ नका. त्याने गाडी काही काळ वेगळी चालते आणि निदानाचा माग पुसला जातो. दुरुस्ती झाल्यावर मात्र मॅन्युअलप्रमाणे ते करून घ्या.