दंगल, युद्ध संपल्यावर एनजीओचं काम काय? माझ्या मते काहीच नाही

पांझराकाठ (धुळे):
२०१३ च्या जानेवारीत धुळ्यात दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले, इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यानंतर आमच्या गल्लीत एक संस्था आली, शिलाई मशिनी वाटल्या, तीन दिवस ट्रेनिंग, बॅनर लावून फोटो, अन् मार्च संपला तशी संस्था पण गेली. माझ्या मावशीला पण मशीन मिळालं. मशीन चांगलं होतं, त्यात खोट नाही. पण तिच्याकडे ब्लाउज टाकणाऱ्या निम्म्या बाया रस्त्यापलीकडच्या, त्याच यायच्या बंद झाल्या होत्या, मग मशीन घेऊन ती करणार काय? दोन वर्षं त्यावर चादर टाकलेली होती. मोडलेलं गाव सरकारने अन् गावानेच उभं करायचं, एनजीओने त्यात पडूच नये असं माझं ठाम मत आहे.

तापीची लेक (भुसावळ):
दादा, एका संस्थेवरून सगळ्यांना एका माळेत ओवू नका. १९७१ ला बांगलादेशातून जवळपास एक कोटी माणसं भारतात आली होती, परत गेली तर घरदार काही उरलं नव्हतं अन् सरकार तर नुकतंच जन्माला आलेलं. तेव्हा तिथल्याच फझले हसन आबेद यांनी लंडनमधला आपला फ्लॅट विकला अन् १९७२ मध्ये शाल्ला भागात परत आलेल्या लोकांसाठी काम सुरू केलं, तीच ब्रॅक ही संस्था. पुढे १९८० पासून दहा वर्षं त्यांच्या बाया घरोघरी जाऊन शिकवत होत्या, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, जुलाब लागलेल्या लेकराला हे पाजायचं. सव्वा कोटीच्या आसपास घरं केली त्यांनी. अन् पगार कसा, तर काही दिवसांनी दुसराच माणूस जाऊन त्या आयांना विचारायचा, त्यांच्या जेवढं लक्षात राहिलं असेल त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे. फोटोवर नाही. तुमच्या गल्लीत मार्चनंतर कोणी विचारायला आलं असतं तर चादर दिसलीच असती ना.

केळीबाग (रावेर):
ताई, ब्रॅक बांगलादेशचीच होती, ती घरचीच झाली. बाहेरून येणाऱ्यांचं बोला ना भो. १९९४ ला रवांडात शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली, मग मारणारेच निर्वासितांच्या लोंढ्यात शिरून शेजारच्या झैरमधल्या (आताच्या काँगोतल्या) गोमा गावाला जाऊन बसले, अन् छावणीत रेशन कोणाला किती ते हेच ठरवू लागले. मदत जगाची, सत्ता खुन्यांची. डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या डॉक्टरांच्या संस्थेची फ्रेंच शाखा त्या वर्षाच्या शेवटी तिथून बाहेर पडली, बाकी बऱ्याच संस्था राहिल्या. नंतर रवांडात लाखो खटले गावागावात गवतावर बसून चालवले, त्या ‘गचाचा’ नावाच्या गावकोर्टांचा कायदा सरकारने केला अन् न्याय द्यायला गावचीच माणसं बसली. पांझराकाठ म्हणतो तेच झालं ना मग!

मास्तरीण (अमळनेर):
सरकारच भांडणातला एक पक्ष असेल तर कोणाकडे जायचं हो भाऊ? मोझांबिकमध्ये सोळा वर्षं यादवी चालली, सरकार अन् रेनामो नावाचे बंडखोर एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. त्यांना समोरासमोर बसवलं रोमच्या सांत एजिदियो नावाच्या एका धार्मिक मंडळाने, दोन वर्षांहून जास्त बोलणी चालली अन् ४ ऑक्टोबर १९९२ ला करार झाला. पुढे सुरुंग काढायला पण हेलो ट्रस्टसारख्या संस्था होत्या, २०१५ ला देश सुरुंगमुक्त जाहीर झाला. बघा किती वर्षं लागली, शेतात पाय ठेवायची भीती जायला तेवीस वर्षं! एवढं थांबायची तयारी असेल तरच या कामात उतरावं, मार्च एंडला हिशोब मिटवणाऱ्यांनी नाही, एवढं पांझराकाठचं मला शंभर टक्के मान्य आहे.

पांझराकाठ (धुळे):
थांबणारे आम्हाला भेटले नाहीत ना ताई, मी तेच सांगून राहिलो. मावशीचं मशीन परत कसं सुरू झालं ते सांगतो, पलीकडची एक म्हातारी नातीच्या लग्नाची अकरा ब्लाउजं गाठोड्यात बांधून स्वतः चालत आली, म्हणे मापं तुझ्याकडंच आहेत, दुसरीकडं कुठं जाऊ. कोणती संस्था नव्हती त्यात.

तापीची लेक (भुसावळ):
तिला माझा दंडवत दादा. पण तिला रस्ता ओलांडायला दोन वर्षं लागली. पहिल्याच महिन्यात दोन्हीकडच्या चार बायांना कोणी एकत्र बसवलं असतं तर चाललं नसतं का? त्या दोन वर्षांत मावशीने घर कशावर चालवलं, ते पण लिहा.